धाकट्यांसह विद्यापीठात

(नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही बोलावून विद्यापीठाची ओळख करून देण्याची पद्धत आता आपल्याकडे रूढ होत आहे. अशा दिवशी लहान भावंडांना सोबत न्यावे का, नेल्यास कोणती तयारी करावी, काय पाहावे आणि काय विचारावे, हे या पाठात परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या उदाहरणाने सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, महाविद्यालयात नाव एकाचेच लागते. पण तयारी सगळ्या घराला करावी लागते. अब्बा फीचे पैसे जमवतात. अम्मी वसतिगृहासाठी चादर, बादली, डबा अशी एकेक वस्तू बांधून ठेवते. जाणारा मुलगा किंवा मुलगी घरात जी कामे करत असे, ती धाकट्या भावंडांच्या वाट्याला येतात. दादीला तर वेगळीच काळजी असते. 'पोर परक्या ठिकाणी वेळेवर जेवेल ना?' असे ती दिवसातून दहा वेळा विचारते.

असे असूनही प्रवेशाच्या दिवशी बहुधा दोघेच जातात : एक विद्यार्थी आणि दुसरे त्याचे वडील. बाकीच्या घराला विद्यापीठ कसे असते, ते कधी दिसतच नाही. जी जागा पाहिलेली नसते, तिची भीती वाटते. या भीतीपोटी कितीतरी मुलींचे शिक्षण बारावीनंतर थांबते. मुलगी हुशार असते, गुणही चांगले असतात. पण 'ती राहणार कुठे, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?' या प्रश्नाचे उत्तर घराला मिळालेले नसते. ही भीती प्रत्यक्ष पाहून आणि विचारून दूर व्हावी, म्हणून कुटुंबासाठी परिचयाचा दिवस ठेवतात.

अशा दिवसाला इंग्रजीत 'ओरिएंटेशन' म्हणतात. या शब्दामागची गोष्ट गमतीची आहे. लॅटिन भाषेत उगवत्या सूर्याला, म्हणजेच पूर्व दिशेला 'ओरिएन्स' म्हणत. उर्दूत तुम्ही पूर्वेला 'मशरिक' म्हणता. पूर्व सापडली, की बाकीच्या दिशा आपोआप कळतात. नव्या ठिकाणी गेल्यावर पूर्व कुठे आहे ते ओळखणे, हा या शब्दाचा मूळ अर्थ. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी एक मार्गदर्शिका काढली आणि तिला 'दीक्षारंभ' हे नाव दिले. कृषी पदवीचा जो नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाला, त्यात तर पहिले दोन आठवडे दीक्षारंभासाठीच राखलेले आहेत. त्याच सुमारास अनेक ठिकाणी पालकांनाही बोलावतात.

आपल्या परभणी शहरात असे एक मोठे विद्यापीठ आहे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. त्याची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. पूर्वी त्याला नुसते मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणत. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २०१३ मध्ये, त्यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र म्हणजे मराठवाड्याचे आठ जिल्हे. परभणीच्या परिसरातच कृषी, उद्यानविद्या, अन्नतंत्र, कृषी अभियांत्रिकी, सामुदायिक विज्ञान अशी निरनिराळी महाविद्यालये आहेत.

येथील शेतीसंशोधनाचा इतिहास मात्र विद्यापीठाहून जुना आहे. त्या काळी परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली निजामाच्या राजवटीत परभणीला मुख्य प्रायोगिक क्षेत्र सुरू झाले. योगायोग पाहा, त्याच १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून दिले जाऊ लागले. परंतु शेतीचे शिक्षण घ्यायचे तर मराठवाड्यातील मुलाला हैदराबादलाच जावे लागे. १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय निघाले, तेव्हा ते शिक्षण आपल्या दाराशी आले. एके काळी ज्यासाठी दूरच्या हैदराबादला जावे लागे, ते आज जिंतूर, पाथरी, सेलू, गंगाखेडच्या मुलांना एका दिवसात जाऊन, पाहून घरी परतता येते. म्हणूनच सगळ्या कुटुंबाला तेथे नेणे शक्य झाले आहे.

आता अशी कल्पना करा. तुमची आपा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. तिने राज्याची प्रवेश परीक्षा दिली आणि तिला परभणीच्या कृषी महाविद्यालयात चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला. तुम्ही नववीत आहात. तुमच्यामागे चौथीतला एक भाऊ आणि पाच वर्षांची एक बहीण आहे. पालकांनी यावे, असे निमंत्रण आले आहे. घरात लगेच प्रश्न निघतो, 'छोट्यांचे काय करायचे?'

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर तुम्हांला माहीत आहे. 'अब्बा आणि आपा जातील. अम्मी छोट्यांना घेऊन घरी राहील.' हे उत्तर सोपे आहे. पण त्यात मोठे नुकसान आहे. आपाच्या जाण्याची सर्वांत जास्त काळजी अम्मीला वाटते. वसतिगृहाची खोली कशी आहे, रात्री दार किती वाजता बंद होते, आजारी पडल्यास कोण पाहते, हे प्रश्न तिचेच असतात. आणि नेमकी तीच घरी राहते. अब्बा परत येऊन 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगतात. त्या एका वाक्याने अम्मीचे समाधान कसे होणार?

दुसरे उत्तर असे, की सगळ्यांनी जायचे. पण तयारी केली नाही, तर तेही फसते. सभागृहात भाषण सुरू असताना धाकटी रडू लागते. अम्मी तिला घेऊन बाहेर जाते आणि कार्यक्रम संपेपर्यंत व्हरांड्यातच बसते. म्हणजे ती परभणीला आली खरी, पण तिने ऐकले काहीच नाही. तेव्हा लहानांना सोबत न्यावे आणि त्यांना सांभाळण्याचे काम वाटून घ्यावे, हाच योग्य मार्ग आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा तुमचा, म्हणजे मधल्या भावंडाचा असतो. तुम्ही फार लहान नाही आणि त्या दिवशीचे मुख्य पाहुणेही नाही. म्हणून हे काम तुम्हांलाच जमेल.

तयारीला आदल्या दिवशीच सुरुवात करा. निमंत्रणात सोबत किती माणसे आणावीत, हे लिहिलेले असेल, तर ते नीट वाचा. लिहिलेले नसेल, तर महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन करून 'लहान मुलांना आणले तर चालेल का?' असे विचारून घ्या. जिंतूर, पाथरीकडून येणाऱ्यांना एसटी सोयीची आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे पडते. लहान मुलांना अर्धे तिकीट आहेच. सेलू, मानवत रोड, पूर्णा, गंगाखेड येथून रेल्वेने येता येते. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. सकाळची गाडी धरा, म्हणजे कार्यक्रमापूर्वी थोडा वेळ हाताशी राहील. घाईने पोहोचलेली लहान मुले लवकर किरकिर करतात.

पिशवीत पाण्याच्या बाटल्या, डब्यात पोळीभाजी, थोडे चणे-शेंगदाणे, एक जुना रुमाल आणि वही-पेन्सिल ठेवा. धाकट्या दोघांच्या खिशात एकेक चिठ्ठी घाला. तिच्यावर मुलाचे नाव आणि अब्बांचा फोन क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. विद्यापीठाचा परिसर शेकडो एकरांचा आहे. तेथे हरवलेले मूल शोधणे सोपे नाही. पोहोचल्याबरोबर एक खूण ठरवून टाका. उदाहरणार्थ, मोठ्या फाटकाजवळचे झाड. 'चुकामूक झाली, तर इथे येऊन थांबायचे, दुसरीकडे जायचे नाही,' असे धाकट्यांकडून दोनदा म्हणवून घ्या.

सभागृहात शक्यतो दाराजवळच्या खुर्च्यांवर बसा. पाळी आधीच ठरवा. पहिला अर्धा तास तुम्ही धाकट्यांना घेऊन बाहेर थांबा. त्यानंतर आपा किंवा अब्बा बाहेर येतील आणि तुम्ही आत जाल. वसतिगृह आणि सुरक्षितता यांबद्दल बोलणे चालू असेल, तेव्हा मात्र अम्मी आत असलीच पाहिजे. ही एक गोष्ट काही झाले तरी सांभाळा.

आत काय चालते? प्रथम प्राचार्य स्वागत करतात. कृषी विद्यापीठात महाविद्यालयाच्या प्रमुखाला 'सहयोगी अधिष्ठाता व प्राचार्य' असे लांबलचक नाव आहे. विद्यापीठाच्या प्रमुखाला 'कुलगुरू' म्हणतात आणि कार्यालयाचा कारभार 'कुलसचिव' पाहतात. वर्गातील शिकवणे मुख्यतः इंग्रजीत चालते; पण पालकांशी बोलणे, सूचनाफलक आणि कार्यालयातील व्यवहार यांत मराठी भरपूर असते. येथे तुमच्या मराठीच्या तासाचा खरा उपयोग होतो. घरात अम्मीला किंवा दादीला मराठी बोलता येत असेलही, पण कार्यालयातील मराठी निराळे असते. ते तुम्ही त्यांना समजावून सांगू शकता.

एका शब्दाविषयी तर विशेष सावध राहा. तो शब्द म्हणजे 'दाखला'. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, असे आपण म्हणतो. खिडकीवरच्या लिपिकाने 'दाखला आणला का?' असे विचारले आणि अब्बांनी 'जी हां, दाखिला हो गया!' असे उत्तर दिले, तर दोघेही बरोबर असूनही काम अडून राहील. 'शिक्का' हा असाच दुसरा शब्द. उर्दूत 'सिक्का' म्हणजे नाणे. मराठी कार्यालयात 'शिक्का' म्हणजे कागदावर उमटवायचा ठसा. उलट 'अर्ज', 'तारीख', 'मुदत', 'रक्कम', 'इमारत' हे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. ते ऐकले, की अम्मीला आपल्या घरचेच बोलणे ऐकल्यासारखे वाटेल. 'शिष्यवृत्ती' म्हणजे वजीफा आणि 'हमीपत्र' म्हणजे इकरारनामा, एवढे तिला आधीच सांगून ठेवा.

भाषणानंतर प्रश्न विचारायला वेळ देतात. पुष्कळ पालक संकोचाने गप्प बसतात. तुम्ही घरीच अम्मीचे प्रश्न वहीत लिहून घ्या आणि तिच्या हाती द्या. वसतिगृहात एका खोलीत किती मुली राहतात? अधीक्षिका तेथेच राहतात का? भेटायला कोण आणि केव्हा येऊ शकते? आजारी पडल्यास दवाखान्याची सोय काय? जेवणाचा महिन्याचा खर्च किती येतो? हे सारे प्रश्न साधे आहेत आणि ते विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

रॅगिंगबद्दलही नि:संकोचपणे विचारा. मोठ्या विद्यार्थ्यांनी नव्या विद्यार्थ्यांना छळणे म्हणजे रॅगिंग. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे, मी रॅगिंग करणार नाही, असे हमीपत्र विद्यार्थी देतो आणि त्याच्या पालकांनाही वेगळे हमीपत्र द्यावे लागते. म्हणजे जी मुले उद्या मोठ्या वर्गात जातील, त्यांच्या पालकांनीही सही केलेली असते. तक्रारीसाठी देशभर चालणारा १८००-१८०-५५२२ हा नि:शुल्क क्रमांक आहे. तो वहीत उतरवून घ्या.

पैशांची चौकशीही याच दिवशी करावी. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या, ठरावीक प्रवर्गांतील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. आपली आपा त्यात बसते का, कोणते कागद लागतात आणि शेवटची तारीख कोणती, हे कार्यालयात विचारा. त्यासाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. तो वेळेवर काढला नाही, तर मिळणारी सवलत हातची जाते.

आता धाकट्यांकडे वळू. तुम्ही बाहेर थांबला आहात, तेव्हा त्यांना नुसते 'गप्प बसा' म्हणून भागणार नाही. त्यांना काम द्या. चौथीतल्या भावाच्या हाती वही-पेन्सिल द्या आणि सांगा, 'पाच झाडांची नावे लिही. त्यांतील दोन झाडे आपल्या गावात नसलेली शोध.' तुमच्या शाळेत नसलेली यंत्रे, नावांच्या पाट्या, पक्षी यांचीही यादी करता येईल. पाच वर्षांच्या बहिणीला पाने गोळा करू द्या. मात्र झाडाखाली गळून पडलेलीच. ती रंगांप्रमाणे लावायला सांगा. अर्धा तास कसा गेला, ते कळणारही नाही.

पुढे परिसर पाहण्याची वेळ येते. लहान मुलांना याचीच सर्वांत जास्त ओढ असते. पण एक नियम त्यांना आधीच समजावून द्या. शेतातले काहीही तोडायचे नाही. एक शेंग, एक कणीससुद्धा नाही. हा नियम इतका कडक का, ते तुम्ही समजून घेतले, तर त्यांना नीट सांगू शकाल.

विद्यापीठाचे शेत आणि आपले शेत यांत मोठा फरक आहे. आपण एका शेतात एकच वाण पेरतो. विद्यापीठाच्या प्रायोगिक शेतात लहान लहान वाफे आखलेले दिसतात आणि प्रत्येक वाफ्याजवळ क्रमांकाची पाटी असते. समजा, सोयाबीनच्या चार वाणांची तुलना करायची आहे. प्रत्येक वाण एकाच वाफ्यात पेरला, तर निष्कर्ष खरा ठरणार नाही. कारण एखादा वाफा सखल असतो, तेथे पाणी साचते. दुसऱ्या वाफ्यातील काळी माती जास्त खोल असते. मग पीक चांगले आले, ते वाणामुळे की मातीमुळे? म्हणून प्रत्येक वाण तीन-चार निरनिराळ्या वाफ्यांत पेरतात. कोणत्या वाफ्यात कोणता वाण, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात. कापणीनंतर प्रत्येक वाफ्याचे धान्य वेगळे मोजतात आणि सरासरी काढतात. आता एखाद्या मुलाने गंमत म्हणून एका वाफ्यातील शेंगा तोडल्या, तर त्या वाफ्याचे वजन कमी भरेल आणि चांगल्या वाणाला कमी गुण मिळतील. तुमच्या उत्तरपत्रिकेचे एक पान कोणी फाडून नेले, तर तुमचे जसे होईल, तसेच त्या वाणाचे होईल.

अशाच वाफ्यांतून आपल्या ताटातले काही पदार्थ आलेले आहेत. भेंडी तुमच्या घरी होतेच. भेंडीवर एक विषाणूजन्य रोग पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि फळे कमी लागतात. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. परभणीच्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या भेंडीचा तिच्या एका रानटी नातलगाशी संकर केला आणि निवड करत करत या रोगाला सहजासहजी बळी न पडणारा वाण तयार केला. १९८५ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचे नाव 'परभणी क्रांती'. आपल्या जिल्ह्याचे नाव अशा रीतीने दूरदूरच्या शेतांत पोहोचले. २०१८ मध्ये आलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी अशीच उल्लेखनीय आहे. तिच्यात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त यांचे प्रमाण जास्त असते. भाकरी तीच, पण ती खाणाऱ्याला पोषण अधिक मिळते. हे ऐकले, की धाकट्यांना कळते, मोठ्या पुस्तकांतली विद्या शेवटी आपल्या चुलीपर्यंत येते.

गाईगुरे पाहायला मिळाली, तर लहान मुले तेथून हलायला तयार होत नाहीत. लातूर जिल्ह्यातील देवणी गावावरून 'देवणी' आणि नांदेड जिल्ह्यातील कंधारवरून 'लाल कंधारी' अशी मराठवाड्याच्या दोन प्रसिद्ध गोवंशांची नावे पडली आहेत. जनावरांजवळ जाताना धाकट्यांचा हात धरा, ओरडू नका आणि डब्यातले काही खायला घालू नका. त्यांचा चारा मोजून दिलेला असतो.

फिरताना मोठ्या वर्गातल्या मुली भेटल्या, तर त्यांच्याशी अवश्य बोला. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यांत काम करावे लागते. त्या मुलांना 'कृषिदूत' आणि मुलींना 'कृषिकन्या' म्हणतात. कदाचित तुमच्या गावातही त्या येऊन गेल्या असतील. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, बियाण्याला औषध कसे चोळावे, हे त्यांनी शेतकऱ्यांना करून दाखवले असेल. अम्मीला अशा दोन मुलींशी दहा मिनिटे बोलू द्या. वसतिगृहाबद्दल जे भाषणातून कळत नाही, ते त्यांच्याकडून कळते. आणि तुमची पाच वर्षांची बहीण हे सारे शेजारी उभी राहून ऐकत असते, हे विसरू नका. मुली येथे राहतात, शिकतात, शेतकऱ्यांना सल्ला देतात, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते. बारा वर्षांनी तिची वेळ येईल, तेव्हा तिला कोणी वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. घरालाही ती वाट परकी वाटणार नाही.

तुमच्या घरातून यंदा कोणालाच प्रवेश मिळालेला नसेल, तरी हिरमुसून जाऊ नका. परभणीचे विद्यापीठ शेतकऱ्यांसाठी मेळावे भरवते. स्थापनादिनी, १८ मे रोजी, खरीप हंगामासाठी आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, १७ सप्टेंबर रोजी, रब्बी हंगामासाठी मेळावा घेण्याची येथे प्रथा आहे. बियाणे घेण्यासाठी शेतकरी दूरदूरच्या गावांहून येतात. प्रदर्शनही असते. मे महिन्यात मात्र परभणीचे ऊन फार कडक असते, म्हणून लहानांना सकाळी लवकर नेऊन दुपारपूर्वी परत आणा. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झालेली देशातील एक नामवंत संस्था आहे. तीही वर्षातून एक दिवस सर्वांसाठी दारे उघडते आणि हजारो मुले आईवडिलांचे बोट धरून तेथील प्रयोगशाळा पाहतात.

घरी परतल्यावर एक काम उरते. दादी घरीच राहिलेली असते. रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकाने तिला एकेक गोष्ट सांगावी. अम्मीने वसतिगृहाची सांगावी, अब्बांनी फीची, भावाने झाडांची आणि धाकटीने गाईची. तुम्ही वहीतल्या तारखा वाचून दाखवा. ज्या प्रश्नांची उत्तरे राहून गेली, त्यांच्यापुढे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून ती विचारून घ्या. मग आपा पेटी घेऊन निघेल, तेव्हा ती कुठे चालली आहे, तेथे तिची खोली कुठे आहे आणि भाकरीची ज्वारी कोणत्या वाफ्यात वाढते, हे घरातल्या सर्वांना माहीत असेल.

शब्दार्थ

रूढ होणे – प्रचारात येणे. मार्गदर्शिका – वाट दाखवणारी पुस्तिका. कार्यक्षेत्र – काम करण्याचा प्रदेश. वाण – पिकाची जात. वाफा – शेतात आखलेला लहान तुकडा. संकर – दोन जातींचे मीलन. प्रवर्ग – गट. अधीक्षिका – वसतिगृहाची देखरेख करणारी बाई. हिरमुसणे – निराश होणे. हातची जाणे – मिळता मिळता गमावणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना केव्हा झाली?
(आ) 'ओरिएन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ काय?
(इ) भेंडीवरील रोग कोण पसरवते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अम्मी घरी राहिल्याने कोणते नुकसान होते?
(आ) एकच वाण तीन-चार वाफ्यांत का पेरतात?

३. 'दाखला' आणि 'शिक्का' यांसारखे, उर्दूत आणि मराठीत निराळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या धाकट्या भावंडाला घेऊन तुम्ही एखादी संस्था पाहायला जाणार आहात. तेथे विचारायचे पाच प्रश्न लिहा.

५. लहान मुलांना सोबत आणता येईल का, हे विचारणारे पत्र महाविद्यालयाच्या प्राचार्यांना लिहा.